शब्दकोशाचं बिऱ्हाड

(धरणगाव. निवृत्त शिक्षक जीवराम नानांची पुढची खोली. टेबलावर एक जुना संगणक, शेजारी एक नवा. संगणक बदलून द्यायला जळगावहून आलेली कामिनी नव्या संगणकासमोर बसली आहे. नानांची बायको बेबाबाई मागे उभी आहे.)

नाना : पण पडदा निळा का झाला?

कामिनी : तो बावरलाय, नाना. जुन्या संगणकातलं सगळं, म्हणजे विंडोज, फाँट, तुमचा शब्दकोश, जसंच्या तसं उचलून मी या नव्यात ठेवलं. आता तो जागा होऊन बघतो, तर डिस्कची जोडणीच वेगळी.

बेबाबाई : नवा घरमां पयला दिन मोरी कोठे शे तेच समजत नही. तसं.

कामिनी : अगदी तसंच, अक्का.

नाना : मग नुसता शब्दकोशच उचलायचा होता. बाकी कशाला हवं होतं?

कामिनी : काल तेच करून दाखवलं की. काय दिसलं होतं तुम्हाला?

नाना : कोंबडीचे पाय.

कामिनी : कारण तुमच्या टायपिंगच्या प्रोग्रामशिवाय तो कुठंच वाचता येत नाही. त्याची सीडी हरवली, करणारी कंपनी बंद. आणि जुना संगणक सकाळपासून तीनदा विझला.

नाना : चौदा वर्षं लिहितोय, पोरी. अहिराणीचे अकरा हजार शब्द आहेत त्यात. जेवढ्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिले, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

कामिनी : थांबा. नव्याला सांगते, डिस्कशी जुन्या पद्धतीनं बोल. एवढी एक सेटिंग... हं. बघा.

बेबाबाई : आलं! शाळाना फोटो आला. पण हेडमास्तर कितला जाडा दिसी राहिनात.

कामिनी : पडद्याचा ड्रायव्हर टाकला की बारीक होतील.

नाना : राहू दे. असेच होते ते.

कामिनी : आता शब्दकोश उघडा. अरे, हे काय? पासवर्ड विचारतोय.

नाना : इतक्या वर्षांत कधी नाही विचारला.

कामिनी : जुन्या संगणकाला ओळखत होता. हे यंत्र त्याला परकं. खाली एक खूण दिलीय : ‘जीवरामला न पटणारा शब्द’. कुणी लिहिलं हे?

नाना : मला नाही माहीत.

बेबाबाई : माहीत शे. धुळाना कौतिक मास्तरनी. त्यानीच हाई बसाडी दिधं व्हतं.

कामिनी : मग त्यांना विचारा ना.

बेबाबाई : नऊ वरीस बोलतच नहीत दोन्ही. एक कानासाठे.

कामिनी : कानासाठी?

नाना : ‘इथं’ला आम्ही ‘अठे’ म्हणतो. तो म्हणतो ‘आठे’. मी म्हटलं, तुझा काना तुझ्या धुळ्यात ठेव. तो चहा अर्धा टाकून उठून गेला.

कामिनी : मग न पटणारा शब्द ‘आठे’च असणार. टाका. तुमची बटणं मला येत नाहीत.

नाना : आधी ‘अठे’ टाकून बघतो.

कामिनी : नाना, तीनच संधी आहेत... गेली एक. आता काना द्या.

नाना : देतो. नाइलाज म्हणून देतो, मान्य म्हणून नव्हे. लिहून ठेव.

कामिनी : हाही नाही. आता एकच उरली. चुकलं तर कायमचं कुलूप.

बेबाबाई : ल्या. फोन लागना.

नाना : कोणाला लावलास?

बेबाबाई : कमलबाईले, मास्तरनी बायकोले. मी तिनासंगे दर आठवडाले बोलस. आमनं काही भांडण नही. तिनी मास्तरले दिधा शे, स्पीकरवर शे, बोला.

कौतिक : हॅलो. जीवराम?

नाना : हां. कामापुरतं बोलतोय. शब्दकोशाचा पासवर्ड काय?

कौतिक : तो आत्ता लागला? म्हणजे जुना डबा गेला वाटतं. काय टाकून पाहिलंस?

नाना : दोन्ही.

कौतिक : काना देऊन पण?

नाना : पासवर्ड सांग.

कौतिक : अरे, तो कान्याच्या आधीचा शे. धरणगावात असताना मी तुला साडेचार वर्षं रोज पाहत होतो, तू कोणता शब्द कधीच बोलत नव्हतास, तो ठेवला मी. ‘चुकनं’.

नाना : काय? ‘चुकलं’?

कौतिक : चुकनं. टाक, आणि टाकताना मोठ्यानं म्हण. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर मग मला बोल लावशील.

नाना : च ला उकार. क. न. वर टिंब.

कौतिक : असं तुकडे तुकडे नको. सलग.

नाना : चुकनं.

कौतिक : ऐकू नाही आलं.

नाना : मन्हं चुकनं!

कौतिक : ‘मन्हं’ नको टाकू. नुसतं ‘चुकनं’ शे.

कामिनी : नाही हो मास्तर, नानांनी बरोबर टाकलंय. उघडलं. ‘अ’पासून सगळं आहे. अक्षरंही नीट आहेत.

नाना : ... उघडलं रे.

कौतिक : किती झाले?

नाना : अकरा हजार.

कौतिक : मी होतो तेव्हा चार हजार पण नव्हते. बरं मग. ठेवू?

नाना : ठेव. नाही, थांब. काही शब्द अडलेत. इथं विचारायला कोणी उरलं नाही. वहीत लिहून ठेवलेत.

कौतिक : बरेच शेतस का?

नाना : शंभरेक असतील.

कौतिक : थांब, चष्मा घेतो.