मोडकं शटल

भाजक्या मक्याचा वास. शेजारच्या कारखान्यात बुटांच्या टाचांवर पडणारी हातोडी. भिंतीवर बैलझुंजीचं फाटकं पोस्टर. लिओन शहरात टोर्टियांसाठी लागलेली रांग, आणि तीत एदुविखेस. तिच्यापुढे दोघे भाऊ, तिला अनोळखी.

“दादा, पार ग्वादालाहारा पालथं घातलं. त्या जुन्या शिलाई मशीनचं शटल कुठंच नाही.”

“सोमवारी खोगिरं द्यायचीत, लिनो! नव्या मशीनला एवढं जाड चामडं पेलत नाही.”

“उस्ताद एन्कार्नास्योनकडे तसलंच मशीन होतं.”

“उस्ताद गेला की.”

“बायको आहे ना. तिच्याकडे माग.”

“कुठल्या तोंडानं? तीस वर्षं त्यानं आपलं मशीन जगवलं. नवं आलं, आणि आपण त्याची पायरी चढलो नाही. मयतीलासुद्धा नाही.”

“मी म्हणत होतो, जाऊ या.”

“म्हणत होतास! मॅच बघत कोण बसलं होतं?”

“बरं बाबा, दोघेही बसलो होतो. आता तू जा, थोरला आहेस. आधी माफी माग, मग शटल.”

“दार लावून घेतलं तर?”

“तिचा हक्कच आहे. मोडकं शटल खिशात ठेव मात्र. मोडकं हातात पडल्याशिवाय उस्ताद दुसरं देत नसे.”

“तो देत नसे. तिचं काय?”

रांग सरकली. एदुविखेसनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“मोडकं आणलंय का?” तिनं विचारलं.

दोघे वळले. थोरल्यानं हळूच टोपी काढली.

सकाळी नवऱ्याचं मशीन भंगारात देताना तिनं त्यातलं शटल काढून घेतलं होतं.