लिफ्टमधलं झाड

(कोरियातला नेजांग डोंगर, नोव्हेंबरातला, पानं लाल होण्याच्या दिवसांतला रविवार. खडकावर नवरा, बायको आणि स्टँडवर कॅमेरा.)

म्योंगजा : अहो हाजिनचे बाबा, काढा की आता. झाड काय पळून जाणार आहे?

ग्वांगसिक : वारा पडू दे. समोरच्या उतारावर बघ, असा लाल रंग अख्ख्या डोंगरात नाही. पण एक फांदी सारखी हलतेय.

म्योंगजा : तोवर मी डब्यातले किंबाप, भाताचे रोल, खाऊ?

ग्वांगसिक : स्टँड सोडू नकोस! रात्री पाऊस आहे, उद्या पानं खलास. मग आणखी वर्षभर लिफ्टमध्ये त्या सोळाव्या मजल्यावरच्या प्योने काढलेला मेपलच्या झाडाचा फोटो बघत वर जायचं?

म्योंगजा : वर्षभर जाताय. पोचता ना?

ग्वांगसिक : भिंतीकडे तोंड करून जातो! परवा कुरिअरवाल्याने विचारलं, आजोबा, घरी कुणी रागावलं का. सोसायटीची स्पर्धा आहे बाई. जिंकेल तो फोटो लिफ्टमध्ये. नियम एकच, फोटोत माणूस दिसता कामा नये. आणि रविवारी या डोंगरावर माणूस नाही अशी जागा म्हणजे फक्त ते झाड.

म्योंगजा : फांदी काकडी खातेय.

ग्वांगसिक : काय?

म्योंगजा : डावीकडची. झूम करून बघा.

ग्वांगसिक : ...अगं, झाड उठलं.

म्योंगजा : जेवण झालं असेल.

ग्वांगसिक : बूट घालतंय! चटई झटकतंय!

म्योंगजा : इकडेच येतंय. अय्या, आपल्या बिल्डिंगमधलं महिला मंडळ! प्यो वहिनी, इकडे!

प्यो वहिनी : म्योंगजा! सहलीला ये म्हटलं तर नवऱ्याचं काम आहे म्हणालीस. भाऊजींचं तोंड का उतरलंय?

म्योंगजा : त्यांचं झाड उठून आलं. सगळ्या लाल जाकिटात तुम्ही.

प्यो वहिनी : मंडळाची जाकिटं. एकदम घेतली की टोपी फुकट. लाजू नका भाऊजी, आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं.

ग्वांगसिक : कधी?

प्यो वहिनी : लिफ्टमधला मेपल आम्हीच. मी बुंध्यापाशी, मुळा सोलतेय. बक्षीस घेऊन आल्यावर ह्यांना कळलं. तेव्हापासून जिन्याने जातात.

ग्वांगसिक : सोळाव्या मजल्यावर?

प्यो वहिनी : मध्ये नवव्याला चहा घेतात, कुणाकडे तरी. तुम्ही सोडवा त्यांना. आम्ही पुन्हा बसतो, तुमचं झाड लागू दे.

ग्वांगसिक : आणि जिना मी चढू?

प्यो वहिनी : तुम्हाला आधीच माहीत आहे ना! त्यांना धक्का बसला होता.

ग्वांगसिक : ...बरं. बसा. टोप्या ओढा, पाठ करा, काकडी आत ठेवा.

म्योंगजा : मीही बसते. जाकीट पिवळं आहे, चालेल?

प्यो वहिनी : झाडात एखादं पिवळं पान असतंच.

म्योंगजा : पिकलं म्हणालात तर याद राखा.

ग्वांगसिक : हलू नका. वा, काय रंग! लिफ्टच काय, गेटवर लावतील.

म्योंगजा : लवकर करा हो. पहाटेपासून उपाशी आहे मी. बसल्या बसल्या पडेन.

ग्वांगसिक : ...वळा सगळ्या इकडे.

प्यो वहिनी : अहो, तोंडं दिसतील! स्पर्धेतून बाद व्हाल.

ग्वांगसिक : होऊ दे. प्योसाहेबांना सांगा, उद्या सकाळी लिफ्टपाशी थांबा, मी बरोबर येतो, दोघं मिळून भिंतीकडे तोंड करून जाऊ. हाजिनची आई, तू पुढे ये.

म्योंगजा : मी? आणि हा फोटो लावायचा कुठे?

ग्वांगसिक : घरात. तू आधी किंबाप खा, मग काढतो.