लूम बंद असताना

रंजना : आणि खालच्या कारखान्यातले लूम बंद पडले तेव्हाही हा उठला नाही?

नूतन : छे हो रंजनाबेन! आमचा योगू फार गुणी. शेजारच्या सुंदराचा पोरगा बघा, लूमच्या खात्याला रजा पडली, आवाज थांबला की भोकाड पसरतो. खडखडाटात जन्मलेली पोरं ही, शांततेलाच घाबरतात. आमचा मात्र ढिम्म.

रंजना : आधी कधी आवाजाला दचकला?

नूतन : कधीच नाही. तुम्ही आशाबेन लोक लशीचं सोडून हे काय विचारत बसता?

रंजना : उचल त्याला. मांडीवर घे, माझ्याकडे पाठ करून. आणि नाना, तुम्ही जरा बाजूला सरका. तुम्हाला बघून तो हसतोय.

बन्सीलाल : काय म्हनस?

नूतन : बाजूला व्हा म्हणतात, नाना!

बन्सीलाल : हसीच ना! आजाले वळखस तो. आमनं दोन्हीसनं बराबर जमस. मी हात हालावस, तो हात हालावस. बोलानं कामच नही.

रंजना : नूतन, आता हलू नकोस. मी मागून थाळी वाजवते.

(थाळीचा आवाज. मग पुन्हा, जास्त जोरात.)

बन्सीलाल : बस कर वं माय! माले बी आयकू उनं!

नूतन : त्याचं लक्ष माझ्या बांगड्यांकडे होतं, बेन. पुन्हा वाजवा ना.

रंजना : नूतन, तुझ्या बहिऱ्या सासऱ्यांना ऐकू गेलं. यानं मान वळवली नाही. थाळीवरून पक्कं ठरत नाही, पण मला भीती वाटतेय. उद्या सरकारी दवाखान्यात कान तपासून घेऊ. मी सोबत येते. आत्ता कळलं तर मशीन लावतात, बोलायला शिकवतात. उशीर झाला तर शब्दच यायचे नाहीत त्याला.

बन्सीलाल : दवाखाना कसाले? आमना घरमा सर्वा बहिराच सेत. मोठा हुई, लूमवर हुभा ऱ्हाई. तठे कोन कोनं आयकस?

नूतन : पोटात होता तेव्हा मी खाली बॉबिन भरायचे. शेवटपर्यंत. त्यानं झालं का हो?

रंजना : मला नाही सांगता येणार. पण स्वतःला खात बसू नकोस. येशील ना?

नूतन : येते. नाना, मी घेऊन जाणार त्याला! ऐकलं का? जाणार!

बन्सीलाल : आयकं... जाय. मना कान लूमनी खादात, पन त्याना आगोदर मी मनी मायना आवाज आयका. ह्या पोऱ्यानी काय आयकं?

रंजना : सकाळी लवकर तयार राहा, नूतन.

नूतन : परवा तो 'आई' म्हणाला, बेन. खरंच. लूम चालू होते म्हणून आवाज आला नाही, पण ओठ हलले होते त्याचे.