मुर्दाबाद नसलेला मोर्चा

हसू नका गा, माहा जीव जळून राहिला. आमची लाल झेंड्याची पार्टी सारखी हरते, म्हणून जिल्ह्याचे नेते आंधळगावात आले. नारे मीच देतो, तर मले म्हणाले, "उद्याच्या मोर्चात 'मुर्दाबाद' नको. कोणाचं नावही नको. मधले लोक घाबरतात. त्यांना जोडायचं तर आपल्याला थोडं मधे सरकावं लागेल."

"कॉम्रेड, राईस मिलची धूळ मजुरायच्या ताटात पडून राहिली, अन् नारे कायचे देऊ?"

"एकतेचे द्या."

देल्ले बाप्पा! 'एकता झिंदाबाद' ओरडत मिलच्या फाटकावर पोचलो, तं मालक हात जोडून बाहेर आला. आमच्याच संगं दोनदा 'झिंदाबाद' म्हटलं, सगळ्यायले चहा सांगितला अन् नेत्याले विचारलं, "मोर्चा कोणाच्या विरोधात हाय जी?"

नेता खुश! "कोणाच्याच नाही, शेटजी. आम्ही सगळ्यांचे."

त्याच मिलात धान वाळवणारी सखूबाई मांगं उभी होती. पदरानं तोंडावरची धूळ पुसत म्हणे, "मंग आमच्याच विरोधात असन."