उलटा रोवलेला खांब

या, जरा पुढे सरकून बसा. कंदिलाची वात मोठी करू नका, आहे तेवढी पुरे. उद्या या घराचं आढं चढायचं, तुम्ही लाकूड राखायला बसलात, म्हणून सांगते. ऐका. आमच्या मामंजींची गोष्ट, भागोजी मेस्त्रींची. व्हाळावरचा साकव, त्या ओढ्यावरचा पूल हो, त्यांनीच बांधला. अख्खा लाकडाचा. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. अजून उभा आहे. जाऊन बघा, पण दिवसा.

तर आमच्या सासूबाईंना कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं. सुईण राहायची व्हाळापलीकडे. काळीकुट्ट रात्र. मामंजी चूड पेटवून निघाले. साकवावर पाय ठेवला नि चूड विझली. वारा नाही, काही नाही, विझली. मामंजी म्हणाले, विझू दे, माझा साकव आहे, डोळे मिटून जाईन. अशी मिजास हो त्यांची. आणि का नसावी?

चालले. चालतात, चालतात, काठ येईना. पायाखाली फळ्या येतातच आहेत. यांनीच बसवलेल्या फळ्या, जास्तीच्या कुठून येणार? मग मागून सासूबाईंची हाक. "अवो, परत या, मी चालले." काळीज हललं त्यांचं. पण वळले नाहीत. कळा देणारी बाई व्हाळापर्यंत चालत येत नाही, एवढं भान होतं.

मग काय झालं, ऐका. साकव जागच्या जागी आणि मामंजीच उलटे झाले. पाय वर फळीला चिकटलेले, डोकं खाली लोंबतंय, केसांना पाणी लागतंय. आणि कानाशी आवाज आला, "कसं वाटतं, मेस्त्री? मला तू पहिल्या दिवसापासून असंच ठेवलंयस."

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. खांब रोवायचा तो झाड उभं होतं तसा. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा रोवला तर झाडात जे राहत असतं त्याला चैन पडत नाही. आमच्यात पाळण्यातलं पोरही हे जाणतं. म्हणून मामंजींना राग आला. उलटे टांगलेत, बायको तिकडे तळमळतेय, आणि हे भुताशी भांडतायत. "माझा खांब उलटा? भागोजीचा? शक्य नाही."

"हात लावून बघ."

लावला. मधला खांब. ऐनाच्या झाडाचा सोट, दोन्ही टोकांना सारखाच जाड. पाऊस तोंडावर आला म्हणून घाईत रोवलेला. फांद्या छाटल्या होत्या तिथल्या गाठी त्यांनी चाचपल्या. फांदी वर चढते, तेव्हा गाठही वर चढती लागायला हवी. ही खाली उतरत होती.

मामंजींनी खांबावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "चुकलो. सुलटा करीन तुला. पण आज सोड, बायको अडलीय."

"आणि नाही केलास तर?"

"माझ्या हत्यारांची आण. आणि मला बुडवलंस तर तुला सुलटं कोण करणार? उभ्या साकवाखालचा एक खांब काढून फिरवील असा दुसरा हात या पंचक्रोशीत दाखव."

त्यालाही पटलं असावं, कारण खरंच होतं ते. मामंजी धपकन फळीवर पडले. बघतात तर काठ समोर.

सुईण आली, तिनं मूल फिरवलं, बाई सुटली. ते मूल म्हणजे आमचे हे, पलीकडे घोरतायत ते. मामंजींनी पोराचं तोंड बघितलं आणि तडक व्हाळावर गेले. टेकू दिले, खांब उपसला, फिरवला, बसवला. वरची एक फळी हलली नाही. अख्खा गाव काठावर उभा राहून बघत होता. त्या घरात मी सून म्हणून आले, याचा मला अजून अभिमान वाटतो.

खांब सुलटा झाला, पण तो काही गेला नाही. इतकं नीट उभं राहायला मिळाल्यावर कशाला जाईल? रात्री कुणी साकवावर आलं की विचारतो, "कुणाच्यातला?" आम्ही सांगतो, भागोजी मेस्त्रींच्यातले. वाट मोकळी. मी स्वतः गेलेय. तुम्ही खोटं सांगू म्हणाल, तर ते चालत नाही, फळीखालून पाय चाचपून बघतो तो. म्हणून सांगते, रात्री त्या वाटेला जाऊ नका. साकव पक्का आहे, पण तुम्ही आमच्यातले नाही.