नकाशावरची हमदाची विहीर

अध्यक्ष हसनैन बे, व्यासपीठावरचे मान्यवर, रमझी एफेंदींच्या पत्नी मादाम मार्सेल आणि केनाच्या या मोजणी कचेरीतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निवृत्त होणाऱ्या रमझी एफेंदींचं कौतुक करायला मला उभं केलंय, आणि मी मात्र गोंधळलोय. नेमकं कशाचं कौतुक करू?

पूर्वेच्या वाळवंटाची मोजणी चालू होती. पाण्याचा उंट दरीत कोसळला, पखाली फुटल्या. एफेंदी आणि मी जीभ सुजेपर्यंत चाललो. तिथल्या भटक्या अबाब्दा टोळीच्या तंबूतली हमदा आम्हाला खडकाआडच्या विहिरीवर घेऊन गेली. हसू नका, हसनैन बे, बकऱ्यांच्या शेजारी तोंड घालून प्यालो आम्ही!

एफेंदींनी पेन्सिल काढली, तशी ती म्हणाली, "पोटभर पी बाबा, पण हे कागदावर नको. पलीकडची विहीर कागदावर गेली आणि खाणवाले पंप घेऊन आले. आता तिथं बकरीलाही घोटभर मिळत नाही."

"आणि उद्या आमच्यासारखा कुणी आला तर?"

"आम्ही आहोत ना इथं! तहानलेल्याला कधी परत धाडलंय?"

एफेंदींनी नकाशातून विहीर गाळली, नुसती तंबूंची खूण केली. इथं टाळ्या वाजवाव्यात, नाही का? पण पुढच्या दुष्काळात तंबू चाऱ्यामागे हलले. आपल्या कचेरीतला नसीम तोच नकाशा घेऊन गेला होता. त्याचं प्रेत सापडलं ते विहिरीपासून हाकेच्या अंतरावर.

एफेंदी हमदाला शोधत गेले. नसीमचं ऐकून ती म्हणाली, "काढ बाबा. काढ ती विहीर कागदावर."

नव्या नकाशावर विहीर आली. वर्ष सरायच्या आत पंपही आला. हमदाची माणसं उठून नदीकाठी गेली. तिची सून आज आपल्याच बाजारात कोळसा विकते.

मग सांगा, कोणता नकाशा चुकला? इथं येताना टांग्यात मी विचारलंच. एफेंदी म्हणाले, "वहबा, नसीमच्या आईला मी तोंड दाखवू शकत नाही, आणि हमदालाही. उत्तर असतं तर आधी त्यांनाच दिलं नसतं का?"

उद्यापासून त्यांच्या मेजावर मी बसणार. दक्षिणेच्या भागाचा कागद अजून कोरा आहे.

मादाम, आनंदाच्या दिवशी हे बोलून गेलो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. एखादा शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला.