थांब्यावर राहिलेलं ग्राफिक्स कार्ड

तुम्ही हसाल, पण ग्राफिक्स कार्ड म्हटलं की अजून मी दचकतो.

इस्रायलमध्ये बसगाड्यांत बॉम्ब फुटण्याचे ते दिवस. घरच्या कॉम्प्युटरवर नवे गेम अडखळायचे आणि नवं कार्ड परवडत नव्हतं, म्हणून नेतिवोत गावच्या एका अनोळखी माणसाकडून मी जुनं कार्ड घेतलं. त्याने ते खोक्यात घालून, चिकटपट्टीने गच्च बांधूनच दिलं. बसने बेर्शेबाला उतरलो, तेव्हा पप्पा न्यायला आले होते. त्यांच्याशी बोलता बोलता खोकं थांब्यावरच विसरलो. दहा मिनिटांनी दोघं धावत परतलो, तर रस्ता बंद, आणि पोलिसांचा बॉम्ब निकामी करणारा रोबो खोक्याकडे निघालेला.

"माझं आहे ते!" मी हिब्रूत ओरडलो.

एका अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं. "आत काय आहे?"

"कॉम्प्युटरचं कार्ड."

"बांधलं कोणी?"

"विकणाऱ्याने."

"तू आत पाहिलंस?"

पाहिलं नव्हतं. भरल्या बसमध्ये ते खोकं सगळा वेळ माझ्या मांडीवर होतं. मी पप्पांकडे वळलो.

"पप्पा, त्यात खरंच काही असलं तर?"

पप्पांनी नुसता माझा दंड घट्ट धरला.

रोबोने गोळी झाडली. मी डोळे मिटले. स्फोटाचा आवाज झालाच नाही. डोळे उघडले, तर डांबरावर कार्डाचे हिरवे तुकडे पसरलेले. मला रडूच कोसळलं.

"रडतोस कशाला?" पप्पांचाही आवाज कापत होता. "कार्डच निघालं, देवाला थँक्यू म्हण."